गुलाब-पचौलीचा सुगंध सोलापूरच्या उन्हात वेगळा का वाटतो?

जुळे सोलापुरात राहणाऱ्या एका शिक्षिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांनी पुण्यातील एका वातानुकूलित दुकानातून गुलाब आणि पचौली (एका सुगंधी पानाचे तेल) यांवर बेतलेले एक आधुनिक युनिसेक्स, म्हणजे स्त्री-पुरुष दोघांसाठीचे, ओ द पार्फम (फवारायचे परफ्यूम) घेतले. दुकानात कागदी पट्टीवर त्याचा गुलाब अत्यंत टवटवीत वाटला होता. सोलापुरात आल्यावर मात्र एप्रिलच्या दुपारी तोच गुलाब अर्ध्या तासात दिसेनासा झाला आणि उरला तो ‘कापूर ठेवलेल्या जुन्या ट्रंकेसारखा’ वास. तासाभराने तर त्यांना स्वतःला काहीच जाणवेना. उलट शाळेतील सहकारी म्हणाल्या, की आज अत्तर जरा जास्तच झाले आहे. त्यांचे यजमानही तेच वापरतात आणि त्यांच्या अंगावर ते आणखी मातकट लागते. कुपी बनावट निघाली काय, पुरुषी सुगंध चुकून घेतला गेला काय, आणि हे वापरायचे तरी कसे, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

मी गेली सत्तावीस वर्षे सोलापुरात अत्तरे आणि परफ्यूम विकतो, काही मिश्रणे स्वतः तयारही करतो. या काळात हीच तक्रार मी निरनिराळ्या तोंडून इतक्या वेळा ऐकली आहे, की लक्षणे ऐकताच निदान करण्याचा मोह होतो. आपण सांगितलेल्या गोष्टींपैकी एकही गोष्ट कुपी बनावट असल्याचे दाखवीत नाही. उलट पचौली तासाभरानंतरही टिकून होती आणि शेजारी बसणाऱ्यांना ती स्पष्ट जाणवत होती, हे कुपीत माल असल्याचे लक्षण आहे. बदलली आहे ती हवा, आणि त्या हवेने सुगंधाचे वेळापत्रक बदलले आहे.

‘गुलाब-पचौली’ असे नाव वाचले की आपल्याला वाटते, गुलाबाचे अत्तर असेल आणि त्यात थोडी पचौली असेल. प्रत्यक्षात या प्रकारच्या सुगंधाची रचना उलटी असते. पचौली हे त्याचे जोते असते आणि गुलाब त्या जोत्यावर उभा केलेला असतो. जोते दहा-बारा तास हलत नाही. गुलाब मात्र ऊन, वारा, घाम आणि स्वतःच्या नाकाचा थकवा या चारही गोष्टींपुढे नमतो. पुण्याच्या दुकानात आपण पाच मिनिटे पट्टी हुंगली, म्हणजे इमारतीचा दर्शनी भाग तेवढा पाहिला. घरी आल्यावर आपल्याला तिच्यात राहावे लागले.

आता आपण म्हणता त्या ‘जुन्या ट्रंके’विषयी. ही उपमा आपण सहज वापरली असेल, पण ती नेमकी आहे आणि कापडाच्या गावात राहणाऱ्यांना तिचा इतिहास ठाऊक असायला हरकत नाही. एकोणिसाव्या शतकात काश्मिरी शाली युरोपात जात, तेव्हा कसर लागू नये म्हणून त्यांच्या घड्यांमध्ये पचौलीची सुकी पाने ठेवीत. पाहता पाहता तिकडच्या गिऱ्हाइकांनी तो वास हीच अस्सल हिंदुस्थानी शालीची खूण मानली, इतकी की नकली शाली विणणाऱ्या तिकडच्या कारखानदारांनीही पुढे पचौलीची पाने मागवून आपल्या मालाला तो वास लावला. म्हणजे ज्या वासाने आपल्याला बनावट मालाची शंका आली, त्याच वासावर कधीकाळी लोक अस्सल माल ओळखत असत. पचौली हे नावही दक्षिणेकडचे मानले जाते. तमिळमध्ये ‘पच्चै’ म्हणजे हिरवे आणि ‘इलै’ म्हणजे पान. आपल्याकडे दवणा आणि मरवा यांच्या जोडीने गजऱ्यात गुंफली जाणारी ‘पाच’ नावाची सुगंधी वनस्पती ही याच जातकुळीतली. त्यामुळे गुलाबाशेजारी हे पान येणे मराठी नाकाला मुळीच परके नाही. परकी आहे ती त्याची मात्रा.

पचौलीचे झाड तुळस-पुदिन्याच्या कुळातले. आज तिच्या तेलाचा मोठा भाग इंडोनेशियातून येतो. पाने तोडून लगेच भट्टीवर चढवीत नाहीत. ती सावलीत सुकवून, काही ठिकाणी थोडी आंबवून मग वाफेने तेल काढतात. या तेलात साधारण एक तृतीयांशाच्या आसपास पचौलॉल नावाचा घटक असतो. तो इतका जड असतो, की त्याचा उत्कलनबिंदू २८५ अंश सेल्सिअसच्या पुढे जातो. तुलनेसाठी सांगायचे तर लिंबाच्या सालीतला लिमोनीन १७६ अंशांना उकळतो, गुलाबातला फिनाइल एथिल अल्कोहोल सुमारे २२० अंशांना आणि जिरॅनिऑल सुमारे २३० अंशांना. अंगावर काही उकळत नाही हे उघड आहे. परंतु कोण आधी उडून जाणार आणि कोण मागे राहणार, हा क्रम या आकड्यांवरून ढोबळपणे कळतो. लिंबूवर्गीय गंध पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत जातात, गुलाबाचे घटक पुढचे काही तास धरून राहतात आणि पचौली रात्री कपडे बदलतानाही तिथेच असते.

तेल ताजे असताना त्यात कापराकडे झुकणारा एक टोकदार, थंड वास असतो. मुरल्यावर तो गोलसर होतो. धंद्याच्या सुरुवातीच्या काळात मी पचौलीच्या तेलाचा एक डबा ‘खराब निघाला’ म्हणून कनौजच्या एका व्यापाऱ्याकडे परत पाठवायला निघालो होतो. त्यांनी फोनवर शांतपणे सांगितले, की डबा बंद करा, वर तारीख लिहा आणि वर्षभर त्याला हात लावू नका. वर्षाने उघडला तेव्हा कापूर मागे सरला होता आणि सुक्या लाकडाचा, किंचित कोकोकडे जाणारा गोडवा पुढे आला होता. तो डबा मी पुढे चार वर्षे पुरवून वापरला. गुलाबाचे किंवा संत्र्याचे तेल असे जपून ठेवले असते, तर त्याची रया गेली असती.

येथे एक गैरसमज दूर करतो. पचौलीला पहिल्या पावसाच्या मातीचा वास येतो, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले असते. पावसाच्या मातीच्या वासामागे जिओस्मिन नावाचे रसायन असते आणि ते जमिनीतले सूक्ष्मजीव तयार करतात; बिटाच्या मातकट चवीलाही तेच कारणीभूत आहे. कनौजचे मिट्टी अत्तर भाजलेल्या मातीपासून काढतात, ती आणखी वेगळी गोष्ट. पचौलीचा मातकटपणा हा सुकलेल्या पानांचा, जुन्या लाकडाचा आणि तळघराचा आहे. ओल्या मातीच्या अपेक्षेने पचौली हुंगणारा माणूस निराश होतो, कारण तिच्यात ओलावा फारसा नाही. ती कोरडी आहे.

गुलाबाविषयी थोडे अधिक लिहावे लागेल, कारण आपली खरी तक्रार गुलाब हरवल्याची आहे. दमास्क गुलाबाच्या एक किलो तेलासाठी साधारण साडेतीन ते चार हजार किलो पाकळ्या लागतात. बल्गेरियातील कझान्लक, तुर्कस्तानातील इस्पार्टा आणि आपल्याकडचे कनौज ही त्याची नावाजलेली ठिकाणे. गंमत अशी, की ताज्या गुलाबाचा जो कोवळा, पाणीदार वास आपण ओळखतो, त्यातला मोठा वाटा असलेला फिनाइल एथिल अल्कोहोल पाण्यात विरघळतो. म्हणून ऊर्ध्वपातन करताना तो बव्हंशी गुलाबपाण्यात निघून जातो आणि तेलात फार कमी उरतो. लग्नात गुलाबदाणीतून शिंपडलेल्या पाण्याचा वास आणि महागड्या गुलाब तेलाचा वास वेगळा का लागतो, याचे हे मुख्य कारण आहे. तेलात सिट्रोनेलॉल, जिरॅनिऑल, नेरॉल हे घटक असतात. आणि एक टक्क्याहूनही बरेच कमी प्रमाणात असूनही साऱ्या तेलाला गुलाबपण देणारा डमास्केनोन असतो, ज्याला मुरांब्यासारखा, पिकल्या फळासारखा वास येतो.

आधुनिक परफ्यूममधला गुलाब हा बहुधा असा जोडून बांधलेला असतो. थोडे खरे तेल किंवा अर्क, आणि बाकी प्रयोगशाळेत तयार केलेले हेच घटक. त्यात रोझ ऑक्साइड घातला की लिचीसारखी धातूची चमक येते, डमास्केनोनच्याच जातीचे डमास्कोन वाढवले की प्लमचा रंग चढतो, जिरॅनियम वाढवले की हिरवेपणा येतो. यात फसवणूक काही नाही. जोडकाम चांगले आहे की वाईट, एवढाच प्रश्न असतो. फसवणुकीचा इतिहास पाहायचा असेल तर तो नैसर्गिक मालातच जास्त सापडतो. आपल्या खानदेशाकडच्या रोशा गवताचे तेल मुंबई बंदरातून तुर्कस्तानात जात असे आणि तिथे ते गुलाबाच्या तेलात मिसळले जाई, कारण दोन्हींत जिरॅनिऑल भरपूर असते.

गुलाब आणि पचौली एकत्र का बांधतात, याचे उत्तर वरच्या मजकुरातच दडलेले आहे. गुलाबाला टिकाव कमी आणि गोडवा जास्त. पचौलीला टिकाव अफाट आणि स्वभाव कडवट. पचौली गुलाबाचा सरबतीपणा कापते आणि त्याच्या उडण्याला थोडा लगाम घालते. गुलाब पचौलीच्या कापराला झाकतो. हा मेळ नवा नाही. क्लिनिक या कंपनीच्या १९७१ सालच्या ‘अ‍ॅरोमॅटिक्स एलिक्झिर’ या परफ्यूममध्ये सुगंधकार बर्नार्ड शाँ यांनी तो मोठ्या धिटाईने वापरला. ला’र्टिझां पार्फ्युमरच्या १९९३ सालच्या ‘व्होलर द रोझ’मध्ये मिशेल अल्मेराक यांनी त्याला प्लमची जोड दिली. फ्रेडरिक माल यांच्यासाठी डॉमिनिक रोपियों यांनी २०१० साली बांधलेल्या ‘पोर्ट्रेट ऑफ अ लेडी’ने तर या जोडीला अशी प्रतिष्ठा दिली, की त्यानंतर आलेल्या कित्येक कुप्यांवर त्याची छाया सरळ दिसते. नाव ‘लेडी’चे असूनही तो सुगंध वापरणारे पुरुष माझ्या गिऱ्हाइकांतच चार-पाच आहेत.

अलीकडच्या कुप्यांत आणखी एक फरक पडला आहे. पचौली वापरताना आता अनेकदा तिचे शुद्ध केलेले, कापूर आणि मातकटपणा काढून टाकलेले अंश वापरतात. फर्मेनिक या सुगंधद्रव्ये बनवणाऱ्या कंपनीने २०१४ साली बाजारात आणलेले ‘क्लिअरवूड’ तर साखरेच्या किण्वनातून तयार होते आणि पचौलीचा केवळ स्वच्छ, लाकडी भाग देते. त्याच्या जोडीला अ‍ॅम्ब्रोक्सान (अंबरासारखा वास देणारे रसायन) आणि पांढरे, म्हणजे प्रयोगशाळेत केलेले स्वच्छ कस्तुरीगंध घातले, की सुगंध दूरवर पसरतो. आपल्या कुपीत कापराचा वास स्पष्ट येतो, याचा अर्थ तिच्यात बहुधा खऱ्या पचौली तेलाचा वाटा बऱ्यापैकी आहे. माझ्या मते ही जमेची बाजू आहे, आपल्याला आज ती खटकत असली तरी.

पुरुषी की बायकी, हा आपला दुसरा प्रश्न मी लवकर संपवतो. गुलाबाला स्त्रियांच्या कपाटात नेऊन बसवले ते विसाव्या शतकातल्या पाश्चात्त्य जाहिरातीने. आपल्याकडे गुलाबाचे अत्तर मनगटावर लावून घेणारे पाहुणे, कानाच्या पाळीत अत्तराचा फाया खोचणारे आजोबा आणि रमजानच्या दिवसांत विजापूर वेशीच्या बाजारात गुलाबाची कुपी निवडणारे तरुण, यांना कोणी कधी युनिसेक्स म्हटले नाही. पंढरपूर तर आपल्याच जिल्ह्यात आहे. तिथे गुलाबाचा हार आणि काळ्या बुक्क्याचा गडद वास एकमेकांशेजारीच असतात आणि तो बुक्का कपाळी लावताना स्त्री-पुरुष भेद कोणी पाहत नाही. तेव्हा आपण चुकीच्या फळीवरची कुपी उचललेली नाही.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे हवा. सोलापूरचा एप्रिल-मे म्हणजे दुपारी ४० अंशांच्या पुढे गेलेला पारा आणि हाडापर्यंत कोरडी हवा. उष्णतेने सगळेच घटक वेगाने उडतात. परंतु हलके घटक इतके झपाट्याने उडतात, की वरचा आणि मधला गंध जवळजवळ एकदमच सुटतो आणि संपतो. दुकानातल्या २४ अंशांत जो गुलाब तीन-चार तास रमतगमत उलगडला असता, तो इथे तासाभरात उधळला जातो. त्यात कोरड्या हवेने नाकाची आतली त्वचाही सुकते आणि बारीक, नाजूक गंध आधी निसटतात. जड पचौलीला मात्र ही उष्णता मानवते. एरवी कातडीलगत शांत पडून राहणारी ती तापल्यामुळे उठून चार हातांवर जाते. म्हणून आपल्याला गुलाब कमी आणि पचौली जास्त, असे दुहेरी नुकसान जाणवले.

मी नवा गुलाब-पचौली सुगंध दुकानात ठेवण्याआधी कागदी पट्टीऐवजी सोलापुरी टॉवेलच्या कापलेल्या तुकड्यावर तपासतो. सुती टेरीचा तुकडा कागदापेक्षा बराच प्रामाणिक असतो, कारण शेवटी सुगंध कापडावरच राहायचा असतो. एकाच सुगंधाचे तीन तुकडे करून एक दुपारी गच्चीच्या सावलीत, एक पंख्याखाली घरात आणि एक रात्री उघड्या खिडकीत ठेवला, तर तिसऱ्या तासाला ते तीन वेगळे सुगंध वाटतात. गच्चीवरच्या तुकड्यात पचौली आणि कस्तुरी एवढेच उरते. घरातल्या तुकड्यात गुलाबाचा मुरांबा अजून असतो. रात्रीच्या तुकड्यात तर मिरीची आणि बर्गामोट या लिंबूवर्गीय फळाची किंचित धारही सापडते. हिवाळ्यात, विशेषतः जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या संध्याकाळी, हेच सुगंध सर्वांत देखणे लागतात. हवा थंड असते, अंगावर शाल किंवा स्वेटर असतो आणि लोकरीवर पचौली आपल्या मूळ घरी परतल्यासारखी बसते. पावसाळ्यात चित्र पुन्हा बदलते. दमट हवेत गुलाब बरा टिकतो, परंतु न वाळलेल्या कपड्यांच्या कुबट वासाशी पचौलीची गाठ पडली तर दोन्ही मिळून फार वाईट लागतात. त्या दिवसांत पूर्ण वाळलेल्या कपड्यांखेरीज तो लावू नये.

स्वतःला वास येईनासा होणे आणि दुसऱ्यांना तो भरपूर येणे, हा नाकाचा धर्म आहे. एकच गंध सतत येत राहिला, की नाक त्याची नोंद घेणे थांबवते. जड कस्तुरीगंध आणि अ‍ॅम्ब्रोक्सान यांच्या बाबतीत तर काही माणसांना ते मुळातच फार कमी जाणवतात. आपण गळ्यावर फवारला असेल तर तो नाकाखालीच असतो आणि नाक लवकर थकते. अशा वेळी ‘उडून गेला’ असे समजून पुन्हा फवारणे ही सर्वांत सर्रास होणारी चूक आहे. या सुगंधाच्या बाबतीत तर ती विशेष नडते, कारण दुपारी दुसऱ्यांदा फवारताना आपण नवा गुलाब वीस मिनिटांपुरता आणतो, पण सकाळच्या न गेलेल्या पचौलीवर पचौलीचा दुसरा थर चढवतो. संध्याकाळपर्यंत सहकाऱ्यांनी बोलून दाखवले नाही, तरच नवल.

मग लावावा कसा? सोलापूरच्या उन्हाळ्यात दोन फवारे पुष्कळ झाले आणि शाळेसारख्या ठिकाणी एकच. एका फवाऱ्यात साधारण ०.१ मिलिलिटर द्रव येतो. ओ द पार्फमच्या दृष्टीने तो अंगाला पुरेसा असतो. स्नानानंतर अंग पूर्ण कोरडे करून, बिनवासाचे मलम किंवा थोडे पेट्रोलियम जेली लावलेल्या त्वचेवर तो फवारावा, कारण कोरडी त्वचा गुलाब पटकन सोडते आणि स्निग्ध त्वचा त्याला धरून ठेवते. खोबरेल तेलाचा स्वतःचा वास असतो आणि तो गुलाबाला जड करतो, म्हणून ते या कामी नको. घराबाहेर पडण्याआधी किमान अर्धा तास लावावा, म्हणजे मद्यार्काचा आणि कापराचा पहिला भडका घरातच ओसरतो आणि वर्गात शिरते ती मुरलेली बाजू. मनगटे एकमेकांवर घासल्याने सुगंधाचे ‘रेणू मोडतात’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. रेणू असे मोडत नाहीत. घासल्याने उष्णता वाढते, वरचा गंध लवकर उडतो आणि अर्धा माल दुसऱ्या मनगटाला लागतो, इतकेच.

जागेची निवड महत्त्वाची. गळा आणि कानामागची जागा आपण उन्हाळ्यात सोडून द्यावी. साडी नेसत असाल तर निऱ्यांच्या खालच्या टोकाला, आतल्या बाजूने, हातभर अंतरावरून एक फवारा द्यावा. चालताना हवा हलते आणि सुगंध खालून वर येतो, तोपर्यंत त्याची धार बोथट झालेली असते. आपल्या नाकापासून तो दूर असल्यामुळे मधूनमधून आपल्यालाही नव्याने जाणवतो. मात्र खऱ्या पचौलीचे तेल तपकिरी असते आणि गुलाबाचा अर्कही रंगीत असतो. पांढऱ्या सुती कापडावर आणि रेशमावर डाग पडू शकतो. आधी आतल्या शिवणीवर एक थेंब टाकून दुसऱ्या दिवशी पाहावे. मोत्याच्या किंवा मुलाम्याच्या दागिन्यांवर तो उडू देऊ नये. मोगऱ्याचा गजरा माळायचा असेल त्या दिवशी हा सुगंध घरीच ठेवावा. मोगरा आणि पचौली एका केसांत नांदत नाहीत, निदान मला तरी ते भांडताना दिसले आहेत.

दुपारी गुलाब परत हवासा वाटला, तर त्यावर एक स्वस्त उपाय आहे. पर्समध्ये साध्या गुलाब अत्तराची दोन मिलिलिटरची कुपी ठेवावी आणि जेवणानंतर हात धुऊन मनगटाच्या आतल्या बाजूला काचेच्या काडीने फक्त एक स्पर्श द्यावा. तळाची पचौली सकाळचीच चालते. तिच्यावर नवा गुलाब बसतो आणि मूळ रचना जवळजवळ पुन्हा उभी राहते. हा उपाय मी कित्येक गिऱ्हाइकांना सांगितला आहे आणि त्यामुळे माझ्याच दुकानातली मोठ्या कुप्यांची विक्री थोडी घटली आहे, हे कबूल करतो.

यजमानांच्या अंगावर सुगंध मातकट का लागतो, याचे उत्तर ‘त्वचेचा पीएच’ असे देण्याची फॅशन आहे. मला ते फारसे पटत नाही. त्वचेच्या तेलकटपणाचा आणि तापमानाचा परिणाम होतो हे खरे, परंतु बहुतेक वेळा फरक वागण्यात असतो. ते किती फवारे मारतात, आंघोळीला चंदनाचा साबण वापरतात काय, दाढीनंतरच्या लोशनला स्वतःचा वास आहे काय, कालचाच शर्ट आज पुन्हा घालतात काय, हे पाहावे. सुती शर्टाच्या कॉलरवर पचौली दोन-तीन दिवस राहते. म्हणजे आजच्या फवाऱ्याला कालची आणि परवाची पचौली मिळते, आणि गुलाब मात्र आजचाच असतो. धुतलेला बनियन, बिनवासाचा साबण आणि छातीवर कपड्याआड एकच फवारा, असे आठवडाभर करून पाहिल्यास दोघांच्या अंगावरचा फरक निम्म्याने कमी झालेला आढळेल.

कुपीच्या खरेपणाविषयी तरीही शंका राहत असेल, तर खोक्यावरचा आणि कुपीच्या तळाचा बॅच क्रमांक जुळतो काय, फवारा बारीक धुक्यासारखा येतो की पिचकारीसारखा, आणि खरेदीचे बिल आहे काय, एवढे पाहावे. मात्र सर्वांत भरवशाची परीक्षा चौथ्या-पाचव्या तासाला होते. ‘फर्स्ट कॉपी’ म्हणून विकला जाणारा माल पहिली दहा मिनिटे हुबेहूब साधतो, कारण गिऱ्हाईक तेवढीच हुंगते. पुढे तो सपाट, गोडसर कस्तुरीवर येऊन थांबतो. खरा सुगंध या टप्प्यावर बदलत असतो. तसेच ज्यांची त्वचा नाजूक आहे त्यांनी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून दोन दिवस वाट पाहावी. गुलाबातले जिरॅनिऑल, सिट्रोनेलॉल, युजेनॉल हे काहींना खाज आणू शकतात आणि नैसर्गिक असल्यामुळे ते निरुपद्रवी ठरत नाहीत.

साठवणुकीबाबत सोलापूरकरांना एक वेगळी सूचना द्यावी लागते. स्लॅबच्या घरात माळा आणि कपाटाचा वरचा कप्पा मेमध्ये भट्टीसारखा तापतो. खिडकीजवळचे ड्रेसिंग टेबल आणि स्कूटरची डिकी तर विचारूच नका. कुपी तिच्या खोक्यातच, कपाटाच्या सर्वांत खालच्या कप्प्यात, फरशीलगत ठेवावी. तापलेल्या कुपीत आधी बर्गामोट आणि मग गुलाब बिघडतो. पचौलीला काहीच होत नाही. त्यामुळे दोन उन्हाळे माळ्यावर काढलेली कुपी उघडल्यावर नुसती ट्रंकच हाती लागते, आणि त्या वेळी मात्र दोष हवेला देता येत नाही.

आत्ता ती कुपी खाली ठेवून द्यावी आणि जूनच्या मध्यावर, एखाद्या ढगाळ सकाळी, निऱ्यांवरच्या एका फवाऱ्याने पुन्हा सुरुवात करावी. त्या दिवशी ज्या सहकाऱ्यांनी टोकले होते त्यांनाच चौथ्या तासाला विचारावे, की गुलाब येतो आहे का. आपल्या नाकापेक्षा त्यांचे नाक त्या घटकेला ताजे असेल.